हवाला कोणाचा?

दुकानात कुणी मोटर घेऊन आलं की काका ती खाली ठेवू द्यायचे नाहीत. आधी विचारायचे, "हवाला कोणाचा?"

बोअरमधून काढलेली जळकी मोटर म्हणजे लांबलचक लोखंडी नळकांडंच. दोघांनी दोन बाजूंनी धरलेली, दोघांचे हात भरून आलेले, घाम गळतोय, आणि हे चष्म्याच्या वरून बघत विचारणार, हवाला कोणाचा. खेड्यातल्या लोकांना ते ठाऊक होतं. ते पायरीवरूनच ओरडायचे, "चितेगावच्या गुरुजींनी धाडलंय!" लगेच काकांच्या कपाळावरची आठी जायची. "मग ठेवा की. उभे काहून?"

शहरातल्या नव्या माणसांना हे कुठून ठाऊक असणार? एकदा पुण्याहून बदलून आलेले एक इंजिनियर असे दचकले, की मोटर पुन्हा रिक्षात घालायला लागले. "अहो, मी नोकरदार माणूस आहे. मी रीतसर बिल घेणार," म्हणत होते. त्यांना हवाला म्हणजे काळ्या पैशांचाच माहीत. मी मागं धावत जाऊन समजावलं, की काका फक्त तुम्हाला कुणी पाठवलं ते विचारतायत. त्यांच्या घरात निजामाच्या काळापासून कारकुनी. तिथले जुने शब्द अजून त्यांच्या तोंडात आहेत.

"मला कुणीच पाठवलं नाही," ते म्हणाले. "मी रस्त्यानं जाताना आवाज ऐकला म्हणून थांबलो."

काकांचा चेहरा पडला. त्या मोटरचं काम त्यांनी केलं, पण ती दुकानात होती तोवर ते तिच्याकडं पाहुणा म्हणून आलेल्या अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघत होते.

मी त्या दुकानात फोन घ्यायला आणि बिलं लिहायला होते. बी.कॉम. झालेली, खुलताबादहून रोज एसटीनं यायची. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. दुकान मोंढ्याच्या मागच्या गल्लीत. जळालेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची, याला आमच्याकडं मोटर भरणं म्हणतात. ते काम रशीदभाई करायचे. काकांपेक्षा वयानं थोरले, पण काकांना मालिक म्हणायचे. काका त्यांना भाईसाहेब म्हणायचे आणि मला, माझं वय बावीस असताना, ताई. अरेतुरे त्यांनी कुणालाच केलं नाही.

दुकानाला पाटी नव्हती. नाव होतं, तेही चांगलं वजनदार, वडिलांच्या नावावरून ठेवलेलं. बिलावर ते छापलेलं होतं. पण दारावर काहीच नाही. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं तर म्हणाले, "पाटी लावली म्हंजे जाणारा-येणारा कुणीही आत येईल."

"काका, दुकान त्यासाठीच असतं ना?"

"छे हो! उद्या त्याची मोटर पुन्हा जळली तर तो मला इथं येऊन गाठेल, पण मी त्याला कुठं शोधू?"

हे मला कळायला बरेच दिवस लागले. त्यांच्या मते ओळखीनं आलेला माणूस एकटा नसतो. त्याला पाठवणारा दोघांमध्ये उभा असतो. आलेल्यानं दगा दिला तर पाठवणाऱ्याला लाज आणि काकांचं काम बिघडलं तरी पाठवणाऱ्यालाच लाज. म्हणून मोटर पुन्हा जळली, की काकांना मोटरवाल्यापेक्षा पाठवणाऱ्याची जास्त धास्ती. गुलमंडीवरच्या एका कापडवाल्यांनी त्यांच्याकडं पुष्कळ माणसं पाठवली होती. त्यातल्या एकाची मोटर चार महिन्यांत गेली, तेव्हा काका ती नव्यानं भरून होईपर्यंत गुलमंडीवरून जातच नव्हते. भाजी आणायला औरंगपुऱ्यात जायचं असलं तरी लांबच्या गल्ल्यांतून वळसा. काकू वरच्या मजल्यावरून म्हणायच्या, "एवढ्या वेळात पैठणला जाऊन आला असता."

फोनचीही तशीच भीती. दुकानातला फोन वाजला की काका उठून उभे राहायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि मला म्हणायचे, "घ्या ताई. बघा काय ऐकावं लागतं ते." पलीकडून एखादा शेतकरी फक्त विचारत असायचा, दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे. ते सांगून मी फोन ठेवला तरी काकांचा विश्वास बसायचा नाही. "आवाज कसा होता? रागात होता का?"

मग दुष्काळ पडला. त्याच्या पहिल्या उन्हाळ्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बोअरचं पाणी खाली गेलं की मोटर कोरडी फिरते आणि जळते. रोज नव्या मोटरा यायच्या. रशीदभाईंना मान वर करायला वेळ नव्हता. मला वाटलं, काका खूष असतील. ते दारात उभं राहून ओळीनं आडव्या ठेवलेल्या मोटरांकडं बघत होते. म्हणाले, "ताई, एवढ्या मोटरा जळाल्या म्हंजे खाली काय राहिलं असेल?"

पुढच्या वर्षी त्याचं उत्तर मिळालं. मोटरा येणंच बंद झालं. ज्या बोअरमध्ये पाणीच नाही, तिथली मोटर भरून कोण काय करणार? चितेगावचे गुरुजी येईनात, फुलंब्रीकडची माणसं येईनात. दुकानात मोटर तपासायला पाण्यानं भरलेला एक लोखंडी ड्रम होता. काका त्यावर झाकण घालून वर दगड ठेवायला लागले, कारण ते पाणी बदलणं परवडणारं नव्हतं. रशीदभाईंना रिकामं बसवत नव्हतं. कोपऱ्यात एक जुनी, काकांच्या मालकीची मोटर होती. तिची तार ते सोडवायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. काका बघून न बघितल्यासारखं करायचे. एकदा मी विचारलं तर रशीदभाई म्हणाले, "हात को भूलना नहीं चाहिए बेटी."

शहर मात्र वाढतच होतं. बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरात, चिकलठाण्याकडं इमारतींमागून इमारती. प्रत्येक इमारतीखाली खोल बोअर, कारण नळाचं पाणी आठवड्यातून एकदा आलं तर आलं. तिथंही मोटरा जळत होत्या. पण तिथं राहणारी माणसं कुठून कुठून आलेली. त्यांना ना गुरुजी माहीत, ना गुलमंडीचे कापडवाले. मोटर जळली की ते मोबाईल काढून शोधायचे.

आणि एक दिवस मोबाईलवरच्या त्या शोधायच्या कंपनीची मुलगी आमच्या दुकानात आली. पाठीला बॅग, चेहरा उन्हानं लाल. कंपनीचं नाव सांगून म्हणाली, "सर, तुमचं दुकान आमच्याकडं आधीपासूनच आहे. फक्त वर आणायचंय."

काका उभे राहिले. बटण लावलं. "आमचं नाव? तुमच्याकडं? कोणी दिलं?"

"कुणीतरी टाकलं असेल सर. फुकटवालं असतं ते. कुणीही टाकू शकतं. पण ते खाली राहतं. वर्षाची फी भरली तर तुमचं नाव वर येणार, पत्ता, फोन, फोटो सगळं."

"ते काढून टाका."

"काय?"

"कुणीतरी टाकलेलं ते काढा आधी. मग पुढचं बोलू."

तिनं मान डोलावली. तिला महिन्याचं काम पुरं करायचं होतं, हे दिसतच होतं. काकांनी तिला पाणी दिलं, तेही अर्धा पेला, आणि विचारलं, "तुम्हाला आमच्याकडं कोणी पाठवलं?"

"ऑफिसनं."

"ऑफिसमध्ये कोणी?"

ती माझ्याकडं बघायला लागली.

ती गेल्यावर दुकानात वादच सुरू झाला. मी भरा म्हणत होते. काकू जेवणाचा डबा घेऊन खाली आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "भरा. नाहीतर आपण तिघं-चौघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसू." रशीदभाई म्हणाले, "लेलो मालिक. आजकल तो हकीम भी उसमेंच रहते." दुसऱ्या दिवशी काका दुकानात आलेच नाहीत. संध्याकाळी आले ते थकून. सगळ्या जुन्या पाठवणाऱ्यांकडं जाऊन आले होते. ज्यांनी ज्यांनी वर्षानुवर्षं माणसं पाठवली, त्यांना विचारायला, की तुमच्याशिवाय परकी माणसं दुकानात आली तर तुमची काही हरकत नाही ना?

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"कुणाची हरकत नाही." ते खुर्चीत बसले. "कापडवाले हसले. म्हणाले, अहो, आम्ही आमच्या दुकानाचं नाव तिथं कधीच टाकलंय."

त्यांना परवानगी हवी होती आणि ती मिळाल्याचंच दुःख झालं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

फी भरली. आणि फोन वाजायला लागला.

आधीच्या सगळ्या वर्षांत वाजला नसेल तेवढा तो एका महिन्यात वाजला. काका दिवसभर उभेच. "किती घेता?" "अर्ध्या तासात येता का?" "दुसरा कमी सांगतोय." आम्ही उत्तर देईपर्यंत पलीकडचा फोन ठेवून मोकळा. नंतर कळलं, की एकच चौकशी ती कंपनी आमच्यासारख्या चार-पाच दुकानांना एकदम देते. काकांना हे सहन होत नव्हतं. "म्हंजे त्यांना मी नको, कुणीतरी हवंय," ते म्हणायचे. तरी कामं आली, नाही असं नाही. रशीदभाईंनी कोपऱ्यातली ती मोटर सोडली आणि खऱ्या मोटरा हातात घेतल्या.

नव्या इमारतींमध्ये काका स्वतः जायचे. मोटर काढायला तिघं कामगार बरोबर असले तरी काका आधी वॉचमनकडं. "गाव कोणतं तुमचं?" वॉचमन कुठल्या ना कुठल्या खेड्यातलाच. मग काका त्याच्या गावातली माणसं आठवून आठवून एखादी ओळख काढायचे आणि परत आल्यावर मोटरला जी चिठ्ठी बांधायची, तिच्यावर पाठवणारा म्हणून वॉचमनचं नाव. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसायचा, की एवढी जबाबदारी आपल्यावर आली आहे.

हे असं चाललेलं असताना एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. साठीच्या, सुती साडी, पायात कापडी बूट. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. आत पाय टाकताच त्यांनी मोठ्यानं दुकानाचं नाव घेतलं. "हेच का?"

"हेच," मी म्हणाले.

"माझी मोटर कुठंय?"

काका उभे राहिले. सिस्टरबाई बोलत सुटल्या. त्या बायपासच्या पलीकडच्या एका इमारतीत राहत होत्या. सोसायटीच्या सेक्रेटरी त्याच. मोटर जळाली तेव्हा मोबाईलवर शोधून त्यांनीच आमच्या दुकानाला फोन केला. माणूस आला, मोटर काढून घेऊन गेला, आगाऊ रक्कम घेऊन गेला आणि आता फोन उचलत नाही. इमारतीतली आठ घरं टँकरच्या पाण्यावर. रोज कुणीतरी जिन्यात गाठून विचारतं, सिस्टर, तुमचा मोटरवाला कुठंय?

"तुमचा मोटरवाला!" त्या म्हणाल्या. "जणू मी जन्माला घातलाय."

काका बटण लावायला लागले. मीच पुढं झाले. त्यांना त्यांचा मोबाईल दाखवायला सांगितला. दुकानाचं नाव आमचंच होतं, एक अक्षरही इकडंतिकडं नाही. पण नंबर आमचा नव्हता. ती जुनी, फुकटवाली नोंद होती. ती काढाच म्हणून काकांनी सांगितलं होतं आणि त्या मुलीनं नुसती मान डोलावली होती. कंपनीनं आमच्यासाठी नवी नोंद केली, जुनी तशीच राहिली. दोन्हींवर नाव एकच; सिस्टरबाईंनी आधी जुन्या नोंदीवर फोन केला आणि तो माणूस गायब झाल्यावर पुन्हा शोधलं तेव्हा त्यांना आमची पैसे भरलेली नोंद दिसली. तीत पत्ता होता. तो धरून त्या आल्या होत्या.

"म्हणजे तो तुमचा माणूस नाही?" त्या खाली बसल्या. राग जाऊन तिथं नुसता थकवा उरला. "मग माझी मोटर गेली म्हणायची."

काकूही आवाज ऐकून खाली आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आम्हा दोघींच्या मनात एकच होतं. यात आपला काही दोष नाही, बाईंना पोलिसांत जाऊ द्यावं.

काका म्हणाले, "नाव माझं आहे."

"अहो, नाव तुमचं असलं तरी माणूस तुमचा नाही ना!" काकू म्हणाल्या. "उद्या त्यानं अख्ख्या शहराच्या मोटरा नेल्या असतील. सगळे इथं येतील. सगळ्यांना देत बसणार?"

हे मोठेपणाचं बोलणं नव्हतं. ते खरोखर घाबरले होते. "तेच तर," ते म्हणाले. "किती जणांकडं गेला असेल तो माझं नाव घेऊन?"

मग मी त्या नंबरला माझ्या मोबाईलवरून फोन लावला. सिस्टरबाईंचा नंबर तो ओळखत होता, माझा नव्हता. लगेच उचलला. आणि अदबीनं आमच्या दुकानाचं नाव घेऊन म्हणाला, "बोला मॅडम."

फोनचा आवाज मोठा केलेला होता. काकांनी ते ऐकलं. दुसऱ्याच्या तोंडून स्वतःच्या वडिलांचं नाव.

मी म्हणाले, मोटर काढायची आहे, लवकर या. पत्ता मोंढ्याच्या मागच्या गल्लीचा दिला. दुकानाला पाटी नसल्यामुळं त्याला काही संशय यायचं कारणच नव्हतं. तासाभरात मोटरसायकलवरून एक माणूस आला. चाळिशीचा, वाळलेला, शर्टाच्या खिशात टेस्टर. पायरी चढून आत आला आणि आधी त्याला दिसल्या मोटरा, मग दिसल्या सिस्टरबाई.

तो वळला, तोवर रशीदभाई त्याच्या मोटरसायकलजवळ जाऊन उभे होते. किल्ली त्यांच्या हातात. "आओ मियाँ, बैठो," ते म्हणाले. "चाय पिओ."

तो उभाच राहिला. सिस्टरबाई काही बोलायच्या आत काकांनीच विचारलं, "हवाला कोणाचा?"

"आं?"

"माझं नाव घेऊन फिरता ते कोणाच्या हवाल्यानं?"

त्याला शब्द कळला. तो खेड्यातलाच होता, अजिंठ्याकडचा. मान खाली घालून म्हणाला, "कोनाच्याच नाय. मोबाईलवर तुमचं नाव व्हतं, नंबर रिकामा व्हता. म्या भरला."

"माझंच का?"

"आमच्याकडं तुमच्या नावाला लई मान हाय. माझ्या बापानं तुमच्याच दुकानात मोटर भरली व्हती. तिकडं आता काम नाय. हिथं आलो तर माझ्या नावाला कोन विचारतं?" मग सिस्टरबाईंकडं बघून, "बाईची मोटर म्या विकली नाय. दुसऱ्या दुकानात भरायला टाकली हाय, सोडवायला पैसं नाहीत."

सिस्टरबाई म्हणाल्या, "आणि माझे आगाऊ?"

त्यानं रिकामे हात दाखवले.

काका त्याच्याकडं बघत होते. मला वाटलं, आता ओरडतील. जन्मात ओरडले नव्हते, आता तरी ओरडतील. ते माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "ताई, ती नंबरची जागा रिकामी आपणच ठेवली होती."

काकू पोलीस पोलीस म्हणत होत्या. सिस्टरबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "मला मोटर पाहिजे. हा कोठडीत बसला तर मोटर कोण आणणार?" शेवटी काकांनी दिलेले पैसे घेऊन रशीदभाई त्याच्याबरोबर गेले आणि संध्याकाळच्या आत रिक्षातून दोन मोटरा घेऊन आले. एक सिस्टरबाईंची, एक आणखी कुणाची तरी. त्याच्याकडं अजूनही कुणाकुणाच्या असतील, पण त्यानं ते कबूल केलं नाही. मोटरसायकल घेऊन गेला तो पुन्हा दिसला नाही. काही दिवसांनी तो नंबरही बंद पडला. कंपनीला मी इतके फोन केले, की माझा आवाज ऐकला की पलीकडची माणसं ओळखायला लागली. तेव्हा कुठं ती जुनी नोंद निघाली. दुसऱ्या मोटरचा मालक काकांनी कसा शोधला, किती वसाहती पालथ्या घातल्या, ते सांगायला बसले तर वेगळीच गोष्ट होईल.

सिस्टरबाईंची मोटर रशीदभाईंनी पुन्हा सोडवून इतकं मन लावून भरली, की काका जवळ गेले तरी ते त्यांना मोटरला हात लावू देत नव्हते. ड्रमवरचा दगड काढून ती पाण्यात चालवून बघितली. उत्तम चालली. मग आम्ही सगळे बायपासच्या पलीकडं गेलो. मी जायचं खरं तर कारण नव्हतं, पण काका म्हणाले, "ताई, तुम्ही चला. मला एकट्याला बोलता येत नाही."

कामगारांनी तिवईला साखळी लावून मोटर खाली सोडली. एकावर एक पाईप जोडत गेले. इमारतीतली माणसं गॅलरीत आली होती. एक बाई बादली घेऊन खाली येऊन थांबल्या होत्या. सिस्टरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. बटण दाबलं. मोटरचा आवाज जमिनीतून आला, एकसारखा, निरोगी. पाईपच्या तोंडातून हवा आली. मग थोडं गढूळ पाणी, एक कळशीही भरली नसती एवढं. मग पुन्हा हवा.

काकांनी पाईपच्या तोंडाशी तळहात धरला होता. तो त्यांनी काढला नाही.

कामगारांतला एक म्हणाला, "मालक, बंद करा. नाहीतर ही पण जळंल."

मोटर बंद केली. वरून कुणीतरी म्हणालं, "झालं. हाही तसलाच निघाला." दुसरं कुणी म्हणालं, "सिस्टरना माणसं अशीच बरी सापडतात." आयुष्यभर दवाखान्यात वेगळंच काहीकाही ऐकून घेतलेली बाई, पण सिस्टरबाईंनी पदर चेहऱ्यावरून फिरवला तेव्हा मला त्यांच्याकडं बघवेना. काकांना हळूच म्हणाल्या, "तुमचा दोष नाही हो. बोअरच गेलंय. तुम्ही जा."

काका गेले नाहीत. त्यांनी हात रुमालाला पुसले, शर्टाचं बटण लावलं आणि जिना चढायला लागले. मी मागून. पहिल्याच दाराची बेल त्यांनी वाजवली. दार उघडलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी सांगितलं, "मोटर चांगली आहे. खाली पाणी नाही. सिस्टरबाईंची यात काही चूक नाही. त्यांनी मला बरोबर आणलं." आतला माणूस काहीतरी पुटपुटला आणि त्यानं दार लावलं. काका दुसऱ्या दाराशी. पुन्हा तेच, त्याच शब्दांत. तिसऱ्या मजल्यावर एका तरुण गृहस्थानं वाद घातला, की तुम्हीच त्याला मिळालेले असणार, नाव तर तुमचंच होतं. काका म्हणाले, "नाव माझंच होतं. म्हणून तर आलोय." आठही दारं त्यांनी केली. एका दारात कुणी नव्हतं, तर पायरीवर बसून राहिले. ज्या माणसाला फोनची बेल सहन होत नव्हती, तो दुसऱ्यांच्या दारावरची बेल वाजवत जिना चढत होता.

परत येताना रिक्षात ते आजारी माणसासारखे मागं टेकून बसले होते. मी विचारलं, "काका, वर घरी जाऊन पडता का?" म्हणाले, "दुकानातच बसतो. फोन आला असेल."

त्या इमारतीनं पुढं बोअर आणखी खोल घेतलं आणि मोटर बसवायला सिस्टरबाईंनी आम्हालाच बोलावलं. त्यानंतर त्या अधूनमधून दुकानात येऊन बसायला लागल्या. काकांशी भांडायच्या, चहा प्यायच्या आणि जायच्या. वर्ष संपत आलं तेव्हा कंपनीचा फोन आला. फी पुन्हा भरायची का? त्या वेळी सिस्टरबाई तिथंच होत्या. काकांनी फोनवर हात धरून त्यांनाच विचारलं, "बाई, तुम्हीच सांगा. या जाहिरातीपायी मला काय मिळालं? चौकश्या करून फोन ठेवणारी माणसं, आणि एक तुम्ही."

सिस्टरबाई म्हणाल्या, "भरा. त्या फुकटवाल्या नोंदीत नुसता नंबर होता. नंबर बंद झाला की माणूस संपला. मी तुमच्यापर्यंत आले ते पत्त्यामुळं. माणसाला भांडायला पत्ता लागतो."

काकांनी फोनवरचा हात काढला. मग फोन कानाला लावून पलीकडच्या मुलीला म्हणाले, "भरतो. पण 'तत्पर सेवा' वगैरे जे लिहिलंय ते काढा. तिथं लिहा, तक्रार असल्यास दुकानात येऊन सांगावी."

पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, असं कुणीच लिहीत नाही. लोक समजतील, तुमच्या तक्रारी फार येतात."

"समजू द्या."

तिनं ते लिहिलं. मला वाटलं होतं, आता एकही फोन येणार नाही. पाऊसपाणी बरं झालं, खेड्यातली माणसं पुन्हा मोटरा घेऊन यायला लागली, आणि त्या ओळीचं मी विसरूनही गेले होते. मग एका सकाळी चिकलठाण्याकडून एक गृहस्थ आले. हातात मोटर नाही, काही नाही. नुसते दारात उभे.

काका उठले. चेहरा पांढरा. "तक्रार आहे का?"

"नाही, नाही. आमच्या बोअरचं काम काढायचंय. मोबाईलवर ते वाक्य वाचलं, म्हटलं आधी दुकान बघून यावं."

"म्हंजे तक्रार नाही?"

"अजून काम दिलंच नाही, तर तक्रार कसली?"

काकांचा विश्वास बसेना. त्यांनी गृहस्थांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि पुन्हा विचारलं. फोन कुणी नीट घेतला नाही का? नाही. पैसे जास्त सांगितले का? अजून विचारलंच नाही. कुणी आमच्या नावानं आलं होतं का? नाही हो. गृहस्थ माझ्याकडं बघायला लागले. मी काय सांगणार? चहा आला. काका समोर उभेच, दोन्ही हात टेबलावर टेकलेले, डोळे त्या माणसाच्या तोंडाकडं. गृहस्थांनी एक घोट घेतला, त्या डोळ्यांकडं पाहिलं आणि त्यांना काहीतरी समजलं असावं. कप खाली ठेवून म्हणाले, "चहात साखर फार आहे."

काकांनी इतका मोठा श्वास सोडला, की आतल्या खोलीतून रशीदभाईंनी मान बाहेर काढली. काका खुर्चीत बसले, शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि दारातून हॉटेलवाल्याला मोठ्यानं हाक मारून म्हणाले, "दुसरा चहा पाठवा हो. साहेबांची तक्रार आहे."